टाइमलॅप्स फडफडतोय? आधी एफ नंबर बघा, सॉफ्टवेअर नंतर

कासची फुलं सुरू झाली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच टाइपचे टाइमलॅप्स, म्हणजे ठराविक वेळानं काढलेले शेकडो फोटो जोडून केलेले व्हिडिओ, यायला लागतात. ढग पळतायत, पठारावर सावल्या सरकतायत, सगळं झकास, फक्त अख्खं चित्र स्टार्टर गेलेल्या ट्यूबसारखं फडफडतंय. खाली मेसेज ठरलेला, "दादा, फ्लिकर घालवायला कुठलं सॉफ्टवेअर वापरू?" माझं उत्तरपण ठरलेलं, सॉफ्टवेअरचं राहू दे, आधी एफ (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारा आकडा, आकडा मोठा तेवढं भोक बारीक) किती होता ते सांग. आणि तो बहुतेक वेळा ११ नाहीतर १६ असतो.

फ्लिकर एकाच कारणानं येत नाही हीच खरी अडचण आहे. पाच-सहा वेगवेगळी कारणं आहेत, प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि चुकीच्या कारणावर उपाय केला की तास वाया जातात. म्हणून खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं करा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. आधी कुठला फ्लिकर आहे ते ओळखा

तुमच्याकडे आधीचं एखादं फडफडणारं शूट असेल तर त्यातनंच सुरुवात करा. व्हिडिओ बघू नका, मूळ फोटो उघडा आणि कीबोर्डवरचा बाण दाबत एकेक फ्रेम पुढे जा, असं वीस-तीस फ्रेम करा. बघताना एकच जागा पकडायची, हलणारी नको आणि आभाळ तर अजिबात नको. घराची भिंत, खडक, रस्त्याकडेचा कट्टा असं काहीतरी.

अख्खी फ्रेम थोडी उजळ, थोडी काळी, परत उजळ, काहीच हिशोब लागत नाही आणि प्रत्येक फ्रेमला फरक आहे, तर लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर. शटर (उजेड ठराविक वेळ आत सोडणारा पडदा) लय जलद असेल तर तेपण असू शकतं.

दहा-बारा फ्रेम एकसारख्या, मग एकदम टप्प्यानं उडी, परत दहा फ्रेम एकसारख्या, तर एक्स्पोजर (फोटोला किती उजेड द्यायचा ते) ऑटोवर होतं.

उजेड तोच पण भिंत कधी पिवळट कधी निळसर, तर व्हाइट बॅलन्स (रंगाचा पिवळट-निळसरपणा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर.

फ्रेममध्ये आडवे पट्टे, आणि प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी, तर लाइट आणि शटरचं जमलेलं नाही.

भिंतीवर सावली हळू येते, हळू जाते, कडा दिसते, तर तो ढग आहे बाबा. तो फ्लिकर नाही. तो निसर्ग आहे आणि त्याला घालवायच्या नादात लोक चांगलं शूट मातीत घालतात.

तपासा: लॅपटॉपचा किंवा फोनचा ऑटो ब्राइटनेस बंद केलाय का? काही स्क्रीन चित्रातला उजेड बघून स्वतःची चमक कमीजास्त करतात, मग नसलेला फ्लिकरपण दिसतो. एकदा मी अर्धी रात्र असाच स्क्रीनचा फ्लिकर कॅमेऱ्यात शोधत बसलो होतो.

२. घरनं निघायच्या आधी मेनू साफ करा

डोंगरावर वाऱ्यात उभं राहून मेनू शोधायचा नाही. घरी, चहा घेत, हे सगळं करून ठेवायचं.

फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न सजवलेली कच्ची फाइल. जेपेगमध्ये उजेड सरळ करायला जागाच उरत नाही, आणि कॅमेरा प्रत्येक फोटोवर आपलं डोकं चालवतो. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल ढोबळ २५ एमबी धरा, म्हणजे ४०० फोटोला १० जीबी. कार्ड रिकामं करूनच निघा.

ऑटो आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) बंद. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, दिवसा सरळ डेलाइट ठेवा. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो हे खरंय, पण चारशे फोटोंना चारशे वेगवेगळे आकडे घेऊन कशाला बसायचं.

सावल्या उजळ करणारी जी काय ऑटो फीचर असतात, निकॉनला अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननला ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीला डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर, ती सगळी बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर एका लांब फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अजून घेतो आणि पुढचा फोटो चुकतो. लेन्समधलं आणि बॉडीतलं दोन्ही स्टॅबिलायझेशन बंद, ट्रायपॉडवर ते उलटं फ्रेम सरकवतं.

बॅटरी दोन. आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, तो कशाला ते पुढे येतंय.

३. जागेवर गेल्यावर पहिल्यांदा नुसतं उभं राहा

हे कुणी करत नाही. गाडीतनं उतरले की ट्रायपॉड उघडला. पाच मिनिटं नुसतं बघा की उजेड कुठनं येतोय, वारा किती आहे, समोरनं काय जाणार आहे.

चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या खाली एकदा मी मस्त फ्रेम लावली, पुढे गवत, मागे पवनचक्क्यांची रांग, उतरतं ऊन. घरी येऊन बघतो तर गवताचा अर्धा भाग फडफडतोय आणि वरचा अर्धा एकदम स्थिर. सेटिंग सगळं बरोबर. मग लक्षात आलं, माझ्या पाठीमागच्या पवनचक्कीच्या पात्यांची सावली गवतावरनं जात होती, सेकंद-दीड सेकंदाला एक. शटर १/१२५, इंटरव्हल (दोन फोटोंमधलं अंतर) ४ सेकंद, म्हणजे कुठल्या फोटोत सावली सापडणार आणि कुठल्या नाही याचा काही नेम नाही. त्या सावलीच्या पट्ट्यातनं फ्रेम बाहेर काढली असती तरी काम झालं असतं. नाहीतर शटर दोन सेकंदाचं ठेवायचं, मग प्रत्येक फोटोत एक-दोन सावल्या पुसट होऊन मिसळतात आणि फरक जवळजवळ दिसत नाही.

चाळकेवाडीचा वारा हा वेगळाच विषय आहे. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय रुंद करा, आणि बॅग लटकवत असाल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. नुसती लटकवली तर वाऱ्यात झोका घेते आणि आपल्याबरोबर ट्रायपॉडला पण देते. कासवर असाल तर ठरलेल्या वाटेवरच थांबा, फुलांत ट्रायपॉड रोवून काढलेला टाइमलॅप्स मला पाठवूसुद्धा नका.

४. इंटरव्हल आणि फोटोंचा हिशोब

यात जास्त वेळ घालवत नाही, सोपं आहे. २५ फ्रेमला एक सेकंद व्हिडिओ. १० सेकंदाच्या क्लिपला २५० फोटो. पळणारे ढग असतील तर २ ते ३ सेकंदाला एक फोटो, संथ ढग ४ ते ५, सूर्यास्त ५ ते ८, तारे २० ते ३०. २५० फोटो ५ सेकंदानं म्हणजे १२५० सेकंद, साधारण २१ मिनिटं. नेहमी ठरवलं त्यापेक्षा शंभरएक फोटो जास्तच घ्या, सुरुवातीचे आणि शेवटचे कापावे लागतात.

थांबा: शटरचा वेळ आणि कार्डवर फाइल लिहायचा वेळ मिळून इंटरव्हलपेक्षा कमी पाहिजे. ३ सेकंदाच्या इंटरव्हलला ३ सेकंदाचं शटर चालत नाही, कॅमेरा एखादा फोटो गाळतो आणि मग हालचालीत धक्का बसतो. तो फ्लिकर नसतो पण लोक फ्लिकरच समजतात.

५. अ‍ॅपर्चर, म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ

इथं जरा निवांत थांबू, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, मी पण फसलो.

अजिंक्यताऱ्यावरनं सातारा शहर, दुपार कलल्यावरची वेळ, ४२० फोटो, ४ सेकंदाला एक, म्हणजे २८ मिनिटं हललो नाही. सगळं मॅन्युअल. आयएसओ १००, एफ ११, शटर १/१२५, व्हाइट बॅलन्स लॉक, फोकस लॉक. माझी पक्की समजूत की मॅन्युअल केलं म्हणजे फ्लिकर येणारच नाही. घरी बघितलं तर फडफड. मग एका घराच्या पांढऱ्या भिंतीवर कर्सर ठेवून लागोपाठ सहा फोटोंत उजेडाचा आकडा वाचला, २५५ पैकी. १४२, १४७, १३९, १४४, १५०, १४१. सेटिंग एक, ऊन एक, भिंत एक आणि आकडा नाचतोय.

होतं काय, की तुम्ही एफ ११ ठेवला तरी फोटो काढायच्या आधी लेन्सची पाती पूर्ण उघडी असतात, म्हणजे डीएसएलआरमध्ये तर असतातच. बटण दाबलं की पाती बंद होत होत ११ वर येतात, फोटो निघतो, परत उघडतात. प्रत्येक फोटोला हा प्रकार. आणि पाती दरवेळी अगदी त्याच जागी येऊन थांबत नाहीत, केसभर इकडंतिकडं होतं. एकेक फोटो काढणाऱ्याला हे आयुष्यात कधी कळत नाही, पण चारशे फोटो एकापुढे एक पळवले की डोळ्यात खुपतं.

आता एफ मोठा घेतला की हे का वाढतं, तर साधा हिशोब बघा. २४ एमएमची लेन्स, एफ १६, म्हणजे भोक २४ भागिले १६, दीड एमएम. पाती चुकून ०.१ एमएमनं इकडं-तिकडं झाली तर क्षेत्रफळात १३-१४ टक्क्यांचा फरक पडतो. तीच लेन्स एफ ४ ला, भोक ६ एमएम, तीच ०.१ ची चूक, आणि फरक फक्त साडेतीन टक्के. चूक तेवढीच आहे, भोक बारीक झालं म्हणून ती मोठी दिसते. ०.१ हा आकडा मी समजायला घेतलाय, प्रत्येक लेन्सचा वेगळा असतो, पण प्रमाण हेच राहतं.

मग करायचं काय? तीन रस्ते आहेत, सोप्यापासून सांगतो.

पहिला, लेन्स पूर्ण उघडी ठेवा. लेन्सचा सगळ्यात लहान जो एफ असेल, २.८ किंवा ४, तोच. पाती हलतच नाहीत, मग चूक कुठनं होणार. पूर्ण उघड्यावर कोपरे मऊ येतात म्हणून लोक नाक मुरडतात. लांबच्या डोंगराला वाइड लेन्सनं एफ ४ ला फोकस भरपूर पुरतो, आणि व्हिडिओच्या साइजला कोपऱ्यातला मऊपणा कोण बघतंय. शिवाय एफ १६ ला सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपके होऊन दिसते ते वेगळंच.

दुसरा, मॅन्युअल लेन्स, ज्याच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग असते आणि कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. जुनी घरात पडलेली लेन्स स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरवर लावली तरी चालते. रिंग एफ ८ वर ठेवली की पाती तिथंच, कोण हलवणार त्यांना. माझ्या मते टाइमलॅप्सच्या नादी लागलेल्यानं पहिला खर्च इथंच करावा, स्लायडर-बिडर नंतर.

तिसरा, लेन्स थोडी फिरवायची युक्ती. ही कॅननच्या डीएसएलआरवाल्यांना जमते. अ‍ॅपर्चर सेट करा, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा, पाती बंद होतात, ते बटण धरूनच लेन्स काढायचं बटण दाबा आणि लेन्स अगदी थोडी फिरवा, काढायची नाही. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा विजेचा संबंध तुटतो, पाती आहेत तिथंच राहतात, स्क्रीनवर एफ ०० दिसलं की झालं. निकॉनला हे असं चालत नाही, तिथं अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी डी लेन्स बघा.

थांबा: फिरवलेली लेन्स माउंटमध्ये लॉक नसते. कॅमेरा खाली तोंड करून असेल, किंवा उचलून दुसरीकडे नेत असाल, तर ती हातात येते, नाहीतर दगडावर जाते. शूट संपलं की पहिलं काम, लेन्स परत टक् आवाज येईपर्यंत फिरवणं. आणि कुठला एफ होता तो कागदावर लिहा, कारण फोटोच्या माहितीत तो येणार नाही.

मिररलेसवाले म्हणतात आमच्यात आरसाच नाही, आम्हाला हे लागू नाही. लागू आहे. बऱ्याच बॉडी प्रत्येक फोटोला पाती हलवतात. लेन्समध्ये समोरनं बघत फोटो काढा, पाती हलताना दिसली तर तुम्हीपण याच रांगेत.

६. शटर हळू करा, आणि त्यासाठी एनडी (उजेड कमी करणारी काळी काच) लावा

अ‍ॅपर्चर उघडलं की भर उन्हात शटर पळायला लागतं. आयएसओ १००, एफ १६ ला कडक उन्हात शटर १/१०० च्या आसपास येतं. तेच एफ ४ ला आणलं की चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे १/१६०० होतं. इथं दुसरी अडचण उभी राहते. मेकॅनिकल शटरपण दरवेळी काट्यावर त्याच वेळेत उघडत-मिटत नाही. समजा चूक मिलिसेकंदाच्या पन्नासाव्या भागाची आहे. १/४००० ला एकूण वेळच पाव मिलिसेकंद, म्हणजे आठ टक्के उजेड इकडचा तिकडं. १/५० ला वेळ २० मिलिसेकंद, तीच चूक कुठं विरघळली कळतसुद्धा नाही.

म्हणून शटर हळू पाहिजे. माझा स्वतःचा नियम, इंटरव्हलच्या निम्मं शटर, ४ सेकंदाला २ सेकंद. त्यानं ढग आणि गाड्या पण अंगावर उड्या मारत नाहीत, वाहतात. एवढं जमलं नाही तर निदान १/५० किंवा त्याहून हळू आणा. एनडी फिल्टरचा हिशोब असा, कडक ऊन, आयएसओ १००, एफ ४, १/१६००. ६ स्टॉपचा एनडी लावला की १/२५. १० स्टॉपचा लावला की अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. कासवरच्या दुपारीसाठी १० स्टॉपचा लागतो, ढगाळ असेल तर ६ चा भागतो.

हा सगळा क्रम नीट पाळा, उलटा केला की गाडी अडते:

फ्रेम लावा. ऑटोफोकसनं फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका. एनडी न लावता एक्स्पोजर काढा. मग एनडी लावा, फोकसच्या रिंगला हात न लागता. शटर हिशोबानं हळू करा. लेन्स फिरवायची असेल तर आता, आधी नाही, कारण फिरवल्यावर ऑटोफोकस मेला. शेवटी व्ह्यूफाइंडरवर चिकटपट्टी.

चिकटपट्टी कशाला, तर डीएसएलआरमध्ये मागच्या काचेतनं उजेड आत शिरतो. कॅमेरा ऑटोवर असेल तर मीटर चुकतं, आणि १० स्टॉपचा एनडी लावून लांब शटर ठेवलं असेल तर कधीकधी फोटोतच फिक्कट डाग येतो. तुम्ही सावली धरून मागे उभे असता, मध्येच चहाला जाता, आणि तेवढ्यात फोटो बदलतात. दोन इंच पट्टीत काम होतं.

थांबा: पोलरायझर आणि स्वस्तातला फिरवायचा व्हेरिएबल एनडी वाइड लेन्सवर नको. आभाळात काळा पट्टा येतो, आणि सूर्य सरकेल तसा पोलरायझरचा पट्टापण सरकतो.

७. रात्री आणि मांडवात, ५० चा हिशोब

सांगलीला पाहुण्यांच्या पोरानं गणपतीत मंडळाच्या मांडवाचा टाइमलॅप्स केला, सजावट पहिल्या बांबूपासून शेवटच्या माळेपर्यंत. मेहनत लय. आणि प्रत्येक फोटोत आडवे पट्टे. शटर १/४०० होतं. "मामा, माणसं हलतात म्हणून जलद ठेवलं." 

आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झवर येते. साधी ट्यूब, चोकचा दिवा, स्वस्त एलईडी, हे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, म्हणजे एक झटका १० मिलिसेकंदाचा. शटर १/१०० असेल तर बरोबर एक अख्खा झटका मिळतो, १/५० ला दोन, १/२५ ला चार. १/६० घेतलं तर दोनाला थोडे कमी, मग कुठला तुकडा मिळाला त्यावर फोटो उजळ का काळा ते ठरणार. १/४०० ला तर एका झटक्याचा पाव तुकडाच.

तेव्हा लाइटमध्ये काम करताना १/५०, १/२५ किंवा त्याहून हळू. अर्धा सेकंद ठेवलं तर पन्नास झटके मिळतात, एखादा अर्धामुर्धा इकडंतिकडं झाला तरी कुणाच्या बापाला कळत नाही. आयर्विन पुलावरचे दिवे आणि कृष्णेतलं त्यांचं प्रतिबिंब असं काय काढत असाल तर एक-दोन सेकंदच ठेवा, पाणीपण गुळगुळीत येतं.

इलेक्ट्रॉनिक शटर दिवसा चांगलं, मेकॅनिकल शटरची झीज वाचते, पण अशा लाइटखाली ते पट्टे वाढवतं. रात्री मेकॅनिकलच. आणि डीजेचे लाइट किंवा एलईडीची भिंत मुळातच उघडझाप करत असेल तर ते तुमच्या हातात नाही, फ्रेममधनं बाहेर ठेवा.

८. तीस फोटोंची चाचणी

खरं शूट सुरू करायच्या आधी तीस फोटो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चाक फिरवून भरभर पळवा. मग एक जागा झूम करून परत पळवा, झूम तसाच ठेवून पुढचे फोटो बघता येतात.

तपासा: भिंत किंवा खडक स्थिर आहे का. हिस्टोग्रामची (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची) टेकडी जागेवर आहे का, उड्या मारते का. प्रत्येक फोटोला शटरचा आकडा तोच आहे का. फोटोंचे नंबर सलग आहेत का, म्हणजे एखादा गळलाय का.

फडफड दिसली तर सुरू करू नका. "बघू घरी सॉफ्टवेअरमध्ये" हे वाक्य मी पण लय वेळा म्हटलंय, यवतेश्वरच्या घाटात थंडी वाजत होती म्हणून. एफ अजून उघडा, शटर अजून हळू करा, परत तीस फोटो.

९. ऊन ते अंधार, एकाच शूटमध्ये

संध्याकाळच्या शूटला सगळं लॉक करून चालत नाही, उजेड पडतो तसं एक्स्पोजर वाढवावंच लागतं. इथं लोक अ‍ॅपर्चर प्रायोरिटीवर (एफ आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो) टाकून मोकळे होतात. कॅमेरा मग तृतीयांश स्टॉपच्या उड्या मारत पुढे जातो, आणि एखादी गाडी हेडलाइट मारत समोरनं गेली की मागे पण येतो, पुढे-मागे, पुढे-मागे.

नवीन कॅमेऱ्यांत यावर थोडा इलाज आहे. निकॉनच्या बऱ्याच बॉडीत इंटरव्हलच्या मेनूत एक्स्पोजर स्मूदिंग असतं, ते चालू करा. सोनीत एई ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी असते, ती लो ठेवा. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी हातानं करायचं, आणि मला अजून हातानंच बरं वाटतं.

पद्धत अशी. एनडी लावू नका, मध्येच काढायला गेलात की फ्रेम हलणार आणि रंगपण बदलणार. इंटरव्हल ८ सेकंद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. एफ एकदा ठरवला की शेवटपर्यंत हात लावायचा नाही. सुरुवात आयएसओ १०० वर. हिस्टोग्राम डावीकडं सरकायला लागला की शटर एक टप्पा हळू, म्हणजे तृतीयांश स्टॉप, दोन फोटोंच्या मधल्या वेळात. असं करत करत शटर ५ सेकंदावर आलं की शटर थांबवा, आता आयएसओ वाढवायचा, तसाच एकेक टप्पा. एकदा वाढवलं की मागे यायचं नाही, ढगातनं मध्येच ऊन डोकावलं तरीसुद्धा. दोन तासाचे ९०० फोटो होतात, ३६ सेकंदाची क्लिप.

प्रत्येक टप्प्याला फोटोत उडी दिसणारच, घाबरू नका. ती उडी आपण मोजून मारलीय, शटरचा आणि आयएसओचा आकडा फोटोत लिहिलेला आहे, त्यामुळं सॉफ्टवेअर ती बरोबर उलटी करतं. अ‍ॅपर्चरची फडफड कुठंच लिहिलेली नसते, तिथं त्याला अंदाजच बांधावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक: आयएसओ किंवा शटर बदलताना ट्रायपॉडला धक्का. डायल एका बोटानं, दुसरा हात बॉडीला आधार देऊन. फोनवरनं बदलता येत असेल तर उत्तम.

१०. आता सॉफ्टवेअर

इथपर्यंत आलात तर काम थोडंच उरतं. इथंपण क्रम आहे. आधी उजेडाच्या उड्या आणि रंग, मग डीफ्लिकर (फडफड काढणं), मग हलण्याचं स्टॅबिलायझेशन, मग क्रॉप आणि झूम, सगळ्यात शेवटी व्हिडिओ. झूम आधी केला तर डीफ्लिकरला प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं चित्र दिसतं आणि ते झूमच्या फरकालाच फ्लिकर समजून बसतं.

फोटो सुधारायला लाइटरूम वापरत असाल तर एलआरटाइमलॅप्स त्याच्या जोडीला चालतं. संध्याकाळच्या शूटला मोजून मारलेल्या उड्या ते आकडे वाचून सरळ करतं आणि नंतर उरलीसुरली फडफड काढतं. फुकटच्या व्हर्जनला फोटोंची मर्यादा आहे, शिकायला पुरते. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हमध्ये डीफ्लिकर आहे पण पैसे भरायच्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये. त्यात टाइमलॅप्ससाठी वेगळा आणि ट्यूबच्या पट्ट्यांसाठी वेगळा प्रीसेट आहे, दुसऱ्या कामाला पहिला लावून "काय फरक पडत नाही" म्हणू नका. फुकटात पाहिजे तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकर नावाचा फिल्टर आहे. तो आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी काढतो, न सांगता ५ फ्रेमची. १० ते १५ करून बघा, जास्त ताणू नका.

डीफ्लिकरला मोजायला जागा विचारली तर आभाळ देऊ नका. काळा ढग आला की ते जमीन उजळवणार, गेला की काळी करणार, सगळं चित्र धाप लागल्यासारखं वरखाली होईल. स्थिर, मध्यम उजेडाची जागा द्या, डोंगराचा उतार, भिंत.

तपासा: तयार क्लिप खिडकी लहान करून, काड्यापेटीएवढी, अंधाऱ्या खोलीत लूपवर बघा. मोठ्या स्क्रीनवर डोळा ढगांच्या मागे जातो आणि फडफड निसटते, लहान चित्रात लगेच दिसते.

फोनवाल्यांसाठी

फोनचं सोपं आहे, बहुतेक फोनच्या लेन्सला हलणारी पातीच नसतात, त्यामुळं पाचव्या टप्प्यातली कटकट नाही. तुमचा फ्लिकर जवळजवळ सगळा ऑटो एक्स्पोजरचा. आयफोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरा, एई/एएफ लॉक असं पिवळ्यात आलं की सोडा. अँड्रॉइडवर प्रो मोड किंवा इंटरव्हलचं अ‍ॅप घेऊन आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स तिन्ही हातानं ठेवा. घराच्या स्लॅबचं काम वगैरे दिवसभर काढायचं असेल तर लॉक करून चालणार नाही, सकाळचं आणि दुपारचं ऊन लय वेगळं. तिथं ऑटोच ठेवा, मिनिटाला एक फोटो घ्या आणि डीफ्लिकर नंतर करा. फोन चार्जरला आणि एअरप्लेन मोडवर, नाहीतर स्लॅब पडताना नेमका कुणाचातरी फोन येतो.

आणि पहिली क्लिप काड्यापेटीएवढी करून बघून होत नाही तोपर्यंत रॉ फोटो उडवू नका. माझे अजिंक्यताऱ्याचे ४२० अजून ठेवलेत, भिंतीचे आकडे दाखवायला.